रोड रनर की जीटीएक्स? १९६८ ते ७० मधली प्लिमथ पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहायला आलेल्या आणि जुन्या मसल कारचं वेड लागलेल्या बऱ्याच जणांची गाडी या प्रश्नावर अडते. रोड रनर आणि जीटीएक्स या दोन्ही क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ विभागाच्या गाड्या. दोघींची बी-बॉडी, म्हणजे क्रायस्लरचा मधल्या आकाराचा सांगाडा, एकच आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच. पुढे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे लीफ स्प्रिंग. दरवाजे, काचा आणि बहुतेक पत्रा एकमेकींना बसतो. जाहिरातीतल्या फोटोंवरून निवड करता येत नाही ती त्यामुळेच. रंग, पट्टे आणि स्टिकर कुणीही बदलू शकतं. कारखान्यातून निघताना गाडी काय होती ते तिला कारखान्याने दिलेल्या नंबरवरून कळतं आणि आज ती काय आहे ते खालच्या पत्र्यावरून. आधी नंबर, मग पत्रा, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी, या क्रमाने गाडी पाहायला शिका.

१. दोन गाड्यांमागचा विचार समजून घ्या

जीटीएक्स १९६७ ला आली. ४४० घनइंचाचं म्हणजे ७.२ लिटरचं 'सुपर कमांडो' इंजिन, टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बकेट सीट, गालिचा आणि भरपूर क्रोम हे सगळं मूळ किमतीतच मिळायचं. ताकद हवी पण थाटही हवा, अशा गिऱ्हाइकासाठी ती होती.

रोड रनर १९६८ ची. तिचा विचार नेमका उलटा: तरुणाला परवडेल अशा किमतीत जास्तीत जास्त वेग, बाकी सगळ्याला कात्री. पुढे सलग बाकासारखी सीट, खाली रबरी मॅट, ३८३ घनइंचाचं म्हणजे ६.३ लिटरचं इंजिन आणि चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स. १९६८ मध्ये तिची मूळ किंमत २,८९६ डॉलर होती, तर जीटीएक्स हार्डटॉपची (बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेली) ३,३५५. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले आणि हॉर्नही 'बीप बीप' असा वाजणारा बसवला. पहिल्याच वर्षी सुमारे ४५ हजार रोड रनर खपल्या. जीटीएक्सचा खप त्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

आज घेणाऱ्यासाठी यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. जीटीएक्सवर सजावटीच्या पट्ट्या, बिल्ले आणि आतलं खास काम जास्त आहे. हे भाग हरवलेले किंवा मोडलेले असतील तर शोधायला वेळ लागतो आणि पैसाही. रोड रनरवर मुळात कमी लावलेलं असल्याने अर्धवट सुटी केलेली गाडी पुन्हा जुळवायला ती सोपी. 'सगळे भाग डब्यात आहेत' असं सांगून विकायला काढलेली जीटीएक्स पहिल्या खरेदीत टाळा.

२. इंजिनं: कागदावरचे आकडे आणि रस्त्यावरचा फरक

रोड रनरचं ३८३ हे साधं ३८३ नव्हे. त्याला ४४० सुपर कमांडोचे हेड, कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावले होते. जाहीर ताकद ३३५ अश्वशक्ती, टॉर्क ४२५ पाउंड-फूट. जीटीएक्सचं ४४० म्हणजे ३७५ अश्वशक्ती आणि ४८० पाउंड-फूट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ४४० चा पूर्ण टॉर्क ३,२०० आरपीएमलाच मिळतो. म्हणून ४४० ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून अलगद आणि जोरात सुटते, तर ३८३ ला फिरवावं लागतं आणि फिरवलं की ते खुशीत पळतं. गिअर बदलण्यात मजा वाटणाऱ्याला चार गिअरची ३८३ रोड रनर जास्त समाधान देते, असं माझं स्पष्ट मत आहे. हायवेवर कुटुंबासह लांब जायचं असेल तर ४४० जीटीएक्स बरी.

एक खाचखळगा इथेच सांगतो. ३८३ हे बुटक्या ब्लॉकचं 'बी' इंजिन आणि ४४० हे उंच ब्लॉकचं 'आरबी'. हेड दोघांना बसतात, पण इनटेक मॅनिफोल्ड, पुशरॉड आणि डिस्ट्रिब्युटर अदलाबदल होत नाहीत. 'मोपार बिग ब्लॉकसाठी', म्हणजे क्रायस्लरच्या मोठ्या इंजिनांसाठी, एवढंच लिहिलेला मॅनिफोल्ड ऑनलाइन मागवला तर निम्म्या वेळा तो परत पाठवावा लागेल.

४२६ हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षांचं ४२५ अश्वशक्तीचं इंजिन, दोन्ही गाड्यांत पर्याय म्हणून मिळायचं. १९६८ च्या रोड रनरवर त्यासाठी ७१४ डॉलर जादा मोजावे लागत. आज खऱ्या हेमी गाडीचं गणितच वेगळं आहे. ती पहिली गाडी म्हणून घेऊ नये.

३. व्हीआयएन वाचा, तोही स्वतः

व्हीआयएन म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेला ओळख नंबर. १९६८ पासून तो डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेतून दिसतो. एकूण १३ अक्षरं-आकडे. उदाहरणार्थ 'आरएम२३एच९ए' आणि पुढे सहा आकडे. फोड अशी:

- आर म्हणजे बेल्व्हेडिअर-सॅटेलाइट ही मालिका.
- दुसरं अक्षर दर्जाचं. एम म्हणजे रोड रनर, एस म्हणजे जीटीएक्स. एल म्हणजे साधी बेल्व्हेडिअर, एच सॅटेलाइट, पी स्पोर्ट सॅटेलाइट.
- २१ म्हणजे बाजूच्या काचांमध्ये खांब असलेली कूप, २३ हार्डटॉप, २७ कन्व्हर्टिबल.
- पाचवं अक्षर इंजिनाचं. १९६८ आणि ६९ ला एच म्हणजे ३८३, एल म्हणजे ४४०, जे म्हणजे हेमी. १९६९ च्या मध्यात आलेल्या तीन कार्ब्युरेटरच्या ४४० ला एम. १९७० ला अक्षरं बदलली: एन ३८३, यू ४४०, व्ही तीन कार्ब्युरेटरचं ४४०, आर हेमी.
- मग वर्षाचा शेवटचा आकडा, कारखान्याचं अक्षर (ए म्हणजे डेट्रॉइटमधला लिंच रोड, जी म्हणजे सेंट लुईस) आणि क्रमांक.

आता यातले सापळे. बाहेरून रोड रनर, पण नंबर आरएल, आरएच किंवा आरपी ने सुरू होतोय, तर ती नक्कल. नक्कल घेण्यात गैर काही नाही. चालवायला ती तितकीच छान असते. फक्त किंमत नकलेची द्या.

दुसरा सापळा जास्त बारीक. या तीन वर्षांत कंपनीने जीटीएक्समध्ये ३८३ कधीच बसवलं नाही. आणि साध्या रोड रनरमध्ये एकाच चार-बॅरल कार्ब्युरेटरचं ४४० कधीच दिलं नाही. १९७० च्या उंच पंखवाल्या सुपरबर्डमध्ये ते होतं आणि तिचाही नंबर आरएम२३ ने सुरू होतो, म्हणून तेवढा अपवाद. तेव्हा 'कंपनीतूनच ४४० आलेली १९६८ ची रोड रनर' असं कुणी सांगितलं तर इंजिन नंतर बदललेलं आहे, एवढं पक्कं समजा. १९६९ ची एम अक्षराची गाडी मात्र खरी असू शकते. तिला पिनांनी अडकवलेलं, पूर्ण उचलून काढायचं फायबरग्लासचं बोनेट होतं आणि चाकांवर कॅपही नव्हत्या. त्या वर्षी तीन कार्ब्युरेटरचं हे पॅकेज जीटीएक्सला मिळत नव्हतं.

नंबर जुळवण्याच्या इतर जागा:

- रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर आणि डिकीच्या तोंडाशी रबराखालच्या कडेवर शेवटचे आकडे ठोकलेले असतात. रंगाच्या थरांखाली ते पुसट होतात. टॉर्च तिरपी धरून पाहा.
- बोनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडरवर एक छोटी पाटी असते, फेंडर टॅग. १९६९-७० च्या पाटीवर ई६३ म्हणजे ३८३, ई८६ म्हणजे ४४०, ई८७ म्हणजे तीन कार्ब्युरेटर, ई७४ म्हणजे हेमी. डी२१ चार गिअर, डी३२ ऑटोमॅटिक.
- इंजिन ब्लॉकवर पुढे एक सपाट जागा असते. तिथे वर्षाचं अक्षर (डी १९६८, ई १९६९, एफ १९७०) आणि घनइंच ठोकलेले असतात, ३७५ अश्वशक्तीच्या ४४० वर 'एचपी' सुद्धा. ओतकामाची तारीख गाडी बनल्याच्या तारखेआधीची हवी. नंतरची असेल तर ब्लॉक दुसऱ्या गाडीचा.
- ब्रॉडकास्ट शीट हा कारखान्यातला कागद बहुधा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा ग्लव्हबॉक्सच्या वर सापडतो. सीट विक्रेत्यासमोरच उचला, परवानगी घेऊन.

डॅशवरची नंबरपट्टी स्क्रूने बसवलेली असेल किंवा तिच्याभोवती ताजा गोंद दिसत असेल तर सौदा तिथेच सोडा. हा प्रकार चोरीपर्यंत जाऊ शकतो, आणि गाडी जप्त झाली तर तुमचे पैसेही गेले.

४. पाहायला जाताना बरोबर काय न्यायचं

- मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक. पुटीवर ते चिकटत नाही.
- टॉर्च, छोटा आरसा, जमिनीवर टाकायला पुठ्ठा.
- फ्लोअर जॅक आणि दोन जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.
- मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, स्पार्क प्लगचा सॉकेट पाना.
- खडू आणि टेप.
- व्हीआयएनची फोड लिहिलेला कागद.

विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. तुम्ही पोहोचण्याआधी ते गरम करून ठेवलेलं असेल तर थंड स्टार्टचा त्रास लपवला जातोय असं धरा आणि दुसऱ्या दिवशी या.

५. गंज: इथे घाई नको

या गाड्यांना वेगळी चासी नाही. बॉडीचाच पत्रा वाकवून सांगाडा केलेला आहे. त्यामुळे गंज हा दिसण्याचा नाही, ताकदीचा प्रश्न होतो.

सर्वांत आधी खाली जाऊन टॉर्शन बारचा मागचा आडवा खांब पाहा. पुढच्या सस्पेन्शनचा सगळा ताण तिथे येतो. तो पोखरलेला असेल तर बार तिथून निसटू शकतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज हवा, भुरभुर पडायला नको. मग मागच्या लीफ स्प्रिंगांच्या पुढच्या-मागच्या टोकांच्या जागा आणि तिथले चासीचे दांडे.

डिकीत मॅट उचला. तिच्या तळाचा पत्रा आणि दोन्ही बाजूंना चाकांच्या मागे उतरणारे खोलगट भाग हे हमखास सडतात. पाणी येतं मागच्या काचेच्या खालच्या कडेतून, विशेषतः छताला व्हिनाइल लावलेलं असेल तर. व्हिनाइलखाली ओल धरून राहते आणि बुडबुडे दिसायला लागेपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो. जीटीएक्स असो की रोड रनर, व्हिनाइल छताच्या गाडीला मी एक पायरी खाली मोजतो.

मागच्या फेंडरची चाकामागची खालची बाजू चुंबकाने तपासा, पुढची काच जिथे बॉडीला भेटते तो भाग आणि बॅटरीखालचा पत्राही. तळाचे, डिकीचे आणि मागच्या फेंडरचे नवे पत्रे बाजारात मिळतात. पत्रा स्वस्त, तो नीट बसवणाऱ्याची मजुरी महाग. कन्व्हर्टिबलचे खास भाग मात्र दुर्मीळ, म्हणून कन्व्हर्टिबलमध्ये गंज असेल तर तिथूनच मागे फिरा.

चार गिअरच्या गाडीत गालिच्याखाली, गिअरबॉक्सवरच्या बोगद्यासारख्या पत्र्यावरच्या उंचवट्याचंही निरीक्षण करा. कारखान्याने तिथे वेगळा फुगीर पत्रा जोडला होता. ओबडधोबड कापून पॅच लावलेला असेल तर गाडी मुळात ऑटोमॅटिक होती.

६. इंजिन आणि मागचा ॲक्सल

थंड स्टार्टला निळा धूर म्हणजे व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरतंय. ते स्वस्तात सुटतं. चालत असताना सतत निळा धूर म्हणजे पिस्टन रिंग, आणि खर्च मोठा. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा आठांमध्ये फरक किती हे पाहा. एखादं बाकीच्यांपेक्षा २० टक्क्यांहून खाली असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखादा व्हॉल्व्ह एकसारखा टकटकत असेल तर कॅमशाफ्टचा उंचवटा झिजलेला असू शकतो. याचं कारण बहुधा ऑइल असतं, त्याबद्दल पुढे.

मागचा ॲक्सल ओळखणं सोपं. मागून झाकण नसलेला गोल ॲक्सल म्हणजे ८ पूर्णांक ३/४ इंची, तर दहा बोल्टांचं झाकण असेल तर डाना ६०. ४४० किंवा हेमीला चार गिअर असतील तर डाना हवा. तिथे ८ पूर्णांक ३/४ दिसला तर काहीतरी बदललेलं आहे.

ॲक्सलचा अनुपात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे किती फेरे होतात ते, जरूर मोजा. शुअर-ग्रिप (मागच्या दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारी व्यवस्था) असेल तर दोन्ही मागची चाकं उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांना अडण लावा. चाकावर आणि ड्राइव्हशाफ्टवर खडूने खूण करून चाक एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साधारण २६ इंच व्यासाच्या टायरवर ताशी ७० मैलांना ३.२३ चा अनुपात सुमारे २,९०० आरपीएम देतो, ३.५४ चा ३,२०० आणि ४.१० चा ३,७००. ४.१० ची गाडी दहा मिनिटं चालवायला थरारक वाटते. त्याच गाडीने शिकागोहून डेट्रॉइटला जाताना कान बधिर होतात.

७. वायरिंग

या काळातल्या क्रायस्लर गाड्यांची खरी दुखरी नस इथे आहे. चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशवरच्या अँपिअर मीटरमधून फिरून येतो, आणि जाता-येता फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) मोठ्या प्लास्टिक जोडणीतून जातो. पन्नासहून अधिक वर्षांत तिथल्या पिना गंजतात, तापतात, प्लास्टिक वितळतं. जोडणी काढून पाहा. तपकिरी झालेली किंवा आकार बदललेली पिन दिसली की ती दुरुस्ती खरेदीच्या हिशोबात धरा. कुणी नंतर मोठा अल्टरनेटर किंवा जबरदस्त म्युझिक सिस्टिम लावली असेल तर धोका आणखी वाढतो.

८. रस्त्यावर

मुळात चारही चाकांना ११ इंची ड्रम ब्रेक, पुढे डिस्क हा पर्याय. ड्रम ओले झाले किंवा तापले की गाडी एका बाजूला ओढते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर तीन-चार वेळा ठाम ब्रेक मारून बघा. पॉवर स्टिअरिंग फारच हलकं असतं, तो दोष नव्हे. पण सरळ रस्त्यावर सतत दुरुस्ती करावी लागत असेल तर जोडण्या झिजल्यात. मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना करकर येत असेल तर सिंक्रोनायझर गेलेत.

मुलं बरोबर नेणार असाल तर मागे फक्त कमरेचे पट्टे आहेत आणि आजच्या चाइल्ड सीटचे हूक नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

९. कागदपत्रं

- विक्रेत्याच्याच नावावर असलेलं टायटल (मालकीचा कागद). मधल्या माणसाने नाव न लावता पुढे विकलेलं असेल तर नको.
- टायटलवरचा नंबर आणि डॅशवरचा नंबर अक्षर-अक्षर एकच असल्याची खात्री. एका अक्षराची चूकसुद्धा मोटर वाहन कार्यालयात महिनेच्या महिने घालवते.
- बिल ऑफ सेल, दोघांच्या सहीचं.
- कर्जाचा बोजा असल्यास तो फिटल्याचं पत्र.
- 'ॲग्रीड व्हॅल्यू' (किंमत आधीच ठरवून घेतलेला) प्रकारचा विमा, गाडी ताब्यात घेण्याआधी. साध्या विम्यात तिची किंमत जुन्या भंगाराएवढी धरली जाते.
- फेंडर टॅग, ब्रॉडकास्ट शीट, जुन्या पावत्या. मूळ प्रती गाडीबरोबर घ्या.

१७ अक्षरी व्हीआयएन १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्यामुळे ऑनलाइन मिळणारे नेहमीचे इतिहास-अहवाल या गाड्यांना लागू पडत नाहीत. मायलेजवरही भिस्त ठेवू नका, कारण ओडोमीटर एक लाख मैलांनंतर पुन्हा शून्यावर येतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) चाचणी नाही. 'अँटिक' नंबरप्लेटवर किती आणि कशासाठी फिरता येतं हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. आपल्या राज्याचा नियम वाचूनच ती प्लेट मागा.

१०. घरी आणल्यावर पहिल्या काही आठवड्यांत

चाक काढण्याआधी हे वाचा: या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर नट आणखी आवळतो आणि शेवटी बोल्ट तुटतो. बोल्टच्या टोकावर 'एल' ठोकलेला दिसेल. टायरवाल्याला हे तोंडी सांगा आणि डॅशवर चिठ्ठीही चिकटवा. त्याची एअरगन क्षणात पाचही बोल्ट तोडते.

ऑइल फिल्टरसह ५ क्वार्ट, म्हणजे सुमारे ४.७ लिटर. सपाट टॅपेटच्या कॅमला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं. आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं आणि मग कॅमचे उंचवटे घासले जातात. डब्यावर 'फ्लॅट टॅपेट' किंवा 'झिंक' असा स्पष्ट उल्लेख असलेलंच घ्या.

कॉम्प्रेशन १० च्या आसपास आहे, म्हणून पंपावरचं सर्वांत वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा. चढावर इंजिन टणटणलं तर टायमिंग दोन अंश मागे घ्या. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, आणि डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून बदला. जुनं रबर आतून सुटतं आणि कार्ब्युरेटरची जेट बंद करतं.

पुढची उंची टॉर्शन बारच्या बोल्टने ठरते. आधी दोन्ही बाजूंची उंची सारखी करा, व्हील अलाइनमेंट त्यानंतर. उलट केलं तर अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागतात. बार काढायची वेळ आली तर पुढची चाकं लोंबकळत ठेवून आधी तो बोल्ट पूर्ण सैल करा. डावा बार उजवीकडे बसवू नका. प्रत्येक बारला कारखान्यात त्याच्या बाजूप्रमाणे ठरलेल्या एकाच दिशेने पीळ दिलेला असतो.